ताटाची डावी बाजू बघून वाइन निवडा: उन्हाळ्यात पहिली बाटली घेणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतंच, अगं वाइन सुरू करायचीय, कुठली घेऊ, फार महाग नको आणि काढ्यासारखी कडू पण नको. यातल्या बऱ्याच जणांनी आधी एकदा प्रयत्न करून बघितलेला असतो. मे महिन्यात कपाटातनं काढलेली कोमट रेड वाइन, सोबत झणझणीत चिकन, दोन घोटांत तोंडाची आग आग, आणि मग कायमचं ठरवून टाकलेलं की वाइन काय आपल्याला झेपत नाही बुवा. मला खरंच वाईट वाटतं हे ऐकलं की. मी नाशिकची, द्राक्षाच्या बागा बघत मोठी झाले, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, आपल्याच जेवणासोबत, खिशाला परवडेल अशी वाइन इतकी छान लागते की ती एका चुकीच्या बाटलीमुळे सुटून जावी हे मला पटतच नाही.

म्हणून हे सगळं ओळीनं लिहितेय. अगदी नवीन असाल असंच धरून चालते. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट, महाराष्ट्रात वाइन घ्यायला-प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, त्याच्या खालच्यांनी हे फक्त वाचावं.

आधी चार शब्द कळू द्या, दुकानात नंतर जाऊ

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर खाऊन संपली की जी वाइन राहते ती ड्राय. थोडी साखर उरू दिली तर ऑफ-ड्राय किंवा सेमी-ड्राय, आणि बरीच उरली तर स्वीट. एवढंच आहे ते. ड्राय म्हणजे चांगली आणि गोड म्हणजे हलकी असलं काही नसतं, लोक उगाच घाबरवतात.

दुसरा शब्द टॅनिन. जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी तुरट होऊन टाळ्याला चिकटल्यासारखी होते, किंवा फार उकळलेला चहा पिल्यावर होते, ते टॅनिन. रेड वाइन करताना रस सालांसकट आंबवतात म्हणून तिच्यात हा तुरटपणा येतो, व्हाइटमध्ये साल आधीच बाजूला काढतात म्हणून जवळजवळ नसतो. रोझे मधली, साल थोडा वेळच ठेवतात, रंग गुलाबी येतो आणि तुरटपणा अगदी नावाला.

तिसरा आंबटपणा. लिंबू सरबताला लिंबाशिवाय जसं काही अर्थ नाही तसंच उन्हाळी वाइनला आंबटपणाशिवाय अर्थ नाही, तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. आणि चौथं, अल्कोहोल साधारण १२ ते १३ टक्के असतं, म्हणजे बिअरच्या दुपटीच्या आसपास, त्यामुळे तहान लागली म्हणून ग्लास घशात ओतायचा नाही. तहान पाण्यानं भागवायची, वाइन जेवणाबरोबर.

घरी करून बघायची परीक्षा, बाटली उघडल्या उघडल्या

हे मी सगळ्या नवख्यांना करायला लावते आणि दहा मिनिटांत त्यांना जे कळतं ते पुस्तक वाचून कळत नाही. एक गार ड्राय व्हाइट वाइन घ्या, छोट्या ताटलीत चार गोष्टी मांडा: चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, थोडा ठेचा आणि गुळाचा खडा. आधी नुसता एक घोट घ्या आणि चव लक्षात ठेवा.

मग जिभेवर मीठ लावा आणि घोट घ्या. वाइन एकदम मऊ लागेल, फळाचा स्वाद वर येईल. पाणी प्या. आता लिंबाची फोड चोखा आणि घोट घ्या, मघाशी जी वाइन आंबट वाटत होती तीच आता गोडसर वाटेल, कारण जीभ लिंबाच्या आंबटपणाला सरावलेली असते. परत पाणी. आता गूळ खा आणि घोट घ्या, वाइन रोडावली, कडवट आणि नुसती आंबट झाली, हो ना? शेवटी ठेचा, अगदी कणभर, आणि घोट. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, तोंड पेटतं. आता हाच ठेचा परत आणि या वेळी थोडी साखर असलेली थंडगार वाइन, आग खाली बसते.

तर सूत्र असं निघालं की खारट आणि आंबट हे वाइनचे मित्र, गोड पदार्थ असेल तर वाइन त्याहून गोड हवी, आणि तिखट असेल तर वाइन थोडी गोडसर, गार आणि तुरटपणा नसलेली हवी.

आता आपलं ताट डोळ्यासमोर आणा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, हे सगळं डाव्या बाजूला वाढतो आपण. बाहेरच्या देशातले लोक वाइन ठरवताना विचारतात मासा आहे की मटण आहे, कारण त्यांच्या ताटात तो मुख्य तुकडा आणि वर थोडा सॉस. आपल्याकडे तसं चालत नाही. तोच बोंबील रव्यात तळून लिंबू पिळून खाल्ला तर एक वाइन, आणि तोच तिखल्यात घातला तर दुसरी. पदार्थ कशाचा आहे त्यापेक्षा त्यावर काय पिळलंय, काय चोळलंय, बाजूला काय वाढलंय यावर वाइन ठरवायची. म्हणून मी म्हणते ताटाची डावी बाजू बघा. ही एक गोष्ट धरलीत तरी निम्म्याहून जास्त चुका टळतील.

आपल्याकडचीच का घ्यायची

देशाभिमान वगैरे बाजूला ठेवा, साधा हिशोब आहे. बाहेरून येणाऱ्या वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलंय, ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारानंतर त्यांच्या काही बाटल्यांवर ते थोडं उतरलं, पण तरी तुम्ही दीड-दोन हजार देऊन जी परदेशी बाटली आणता ती तिकडे बरेचदा अगदी साधी, रोजच्या जेवणाची असते, तुम्ही पैसे देता ते कराचे आणि प्रवासाचे. उलट महाराष्ट्रानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, इथल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कातनं सवलत दिली, त्यामुळे तेच पैसे इथल्या बाटलीत जास्त कामाला येतात.

आणि आपल्याकडे द्राक्षाचं चक्रच वेगळं आहे. युरोपात वर्षातनं एक छाटणी आणि शरद ऋतूत तोडणी. नाशिककडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग पावसाळा जाऊ द्यायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे द्राक्ष पिकतं ते आपल्या थंडीत, दिवसा ऊन आणि रात्री गारवा, नाशिकची उंची साधारण ६०० मीटर त्यामुळे रात्री तापमान बऱ्यापैकी उतरतं आणि फळात आंबटपणा टिकतो. वाइनचं द्राक्ष आपण खातो त्या थॉमसन किंवा सोनाकासारखं मोठं रसरशीत नसतं, बारीक, जाड सालीचं, बियांचं असतं, तोंडात टाकलं तर आधी प्रचंड गोड आणि मग साल चावावी लागते. लहानपणी एकदा बागेत पहाटे तोडणी चालू असताना एक घड हातात मिळाला होता, बोटं इतकी चिकट झाली होती की धुतल्याशिवाय फ्रॉकची गाठ सुटेना.

नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यांनी शेनिन ब्लांक आणि सोव्हिनियॉ ब्लांक या दोन पांढऱ्या जाती नाशिकला रुजवल्या. आज उन्हाळ्यासाठी नवख्यानं सुरुवात करायला याच दोन जाती सगळ्यात योग्य. त्या सुलाच्याच घ्या असं नाही, यॉर्क, सोमा, व्हॅलोन, ग्रोव्हर झाम्पा, निफाडकडची रेव्हेलो आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजची फ्रातेल्ली, हे सगळेच यातलं काही ना काही करतात. बॅगेतनं राज्याबाहेर न्यायची किंवा गोव्याहून आणायची असेल तर मात्र परवान्याचे नियम आधी बघून घ्या, तिथे स्वस्त आहे म्हणून डिकी भरून आणू नका.

दुकानात गेल्यावर

आपल्याकडे वाइन शॉप म्हणतात त्या दुकानात वाइन एका फळीवर असते, बाकी सगळं व्हिस्की-रम-बिअर. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला विचारून फार हाती लागत नाही, आपल्यालाच बघता आलं पाहिजे.

पहिलं म्हणजे बाटली कुठे उभी आहे ते बघा. मागच्या काही वर्षांपूर्वी पाहुणे येणार म्हणून मी घाईघाईत एका दुकानातनं रोझे उचलली, ती पश्चिमेच्या काचेला लागूनच मांडलेली होती, मस्त गुलाबी दिसत होती म्हणूनच घेतली खरं तर. घरी नीट गार करून ओतली तर रंग विटकरीकडे झुकलेला आणि वास उकळलेल्या मनुकांचा, फळाचा ताजेपणा पार गेलेला. पाहुणे बिचारे काही बोलले नाहीत पण ग्लास तसेच राहिले. वाइनला ऊन आणि उकाडा दोन्ही सोसत नाही, दुधासारखी नासत नाही पण शिजते. तेव्हापासून मी एसी चालू असलेल्या दुकानातच जाते, काचेतली बाटली घेत नाही, आतल्या फळीवरची किंवा फ्रिजमधली मागते, आणि फ्रिजमधली तरी कधीपासून आहे ते विचारते. जिथे माल फिरतो, म्हणजे गिऱ्हाईक जास्त, ते दुकान नेहमी बरं.

दुसरं, साल बघा. लेबलवर तोडणीचं साल असतं, नसेल तर मागे बाटलीत भरल्याची तारीख असते. उन्हाळ्यात प्यायची साधी व्हाइट आणि रोझे जितकी ताजी तितकी चांगली. जुनी म्हणजे भारी हा समज थोड्याच महागड्या वाइनला लागू आहे, आपल्या बजेटच्या व्हाइटला अजिबात नाही. एप्रिल-मेमध्ये घेताना गेल्या वर्षीच्या तोडणीची मिळाली तर उत्तम, दोन वर्षांची चालेल, तीनच्या पुढची असेल आणि दुकानदार डिस्काउंट देत असेल तर हात जोडून परत ठेवा.

तिसरं, मान बघा. बूच असेल तर ते वर आलेलं नको, मानेला चिकट ओघळ नको. नाशिकच्या बऱ्याच व्हाइटना आता स्क्रू कॅप असते, झाकण फिरवलं की उघडली, आणि आपल्या हवेत मला तीच जास्त भरवशाची वाटते. स्क्रू कॅप म्हणजे स्वस्तातली असं मनात आणू नका.

पैशाचं म्हणाल तर माझा स्वतःचा नियम ७०० ते ११०० रुपयांच्या मधली ७५० मिलीची बाटली, यात चांगली शेनिन, सोव्हिनियॉ किंवा रोझे मिळते. एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे सव्वादोनशेच्या आत एक ग्लास पडला, हॉटेलात हाच ग्लास किती लावतात ते तुम्हाला माहितीय. पहिल्यांदाच घेताय आणि वाया जायची भीती वाटतेय तर ३७५ मिलीची अर्धी बाटली किंवा कॅन शोधा, थोडी महाग पडते पण चार प्रकार चाखून होतात.

पोर्टबद्दल पण सांगते, कारण बऱ्याच घरात सुरुवात तिच्यापासनं होते. आपल्याकडे आणि गोव्यात पोर्ट म्हणून जी गोड लाल वाइन मिळते ती पोर्तुगालच्या पोर्टोपेक्षा वेगळी, साधी गोड वाइन. आवडत असेल तर खुशाल प्या, बर्फ घालून, पण जेवणाबरोबर ती फार पुढे पुढे करते, सगळ्या चवी झाकून टाकते.

गार करणं, यात अजिबात कंजुषी नको

सगळ्यात जास्त वाइन याच पायरीवर वाया जाते म्हणून जरा सविस्तर. पुस्तकात लिहिलेलं असतं रेड वाइन रूम टेंपरेचरला प्या. ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी खोलीत ३४ असतात, त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढतं आणि चव सैल पडते. व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांवर, स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, ६ ते ८, आणि रेडसुद्धा १५-१६ वर, म्हणजे फ्रिजमध्ये गार करूनच.

साधा मार्ग म्हणजे सकाळीच बाटली फ्रिजमध्ये आडवी टाकायची, निदान तीन तास. दारात नाही, दार सारखं उघडतं. पण पाहुणे दारात आणि बाटली गरम असं झालंच तर लहानपणचा आइस्क्रीमचा पॉट आठवा. मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात तो लाकडी पिंप, मध्ये डबा, भोवती बर्फाचे खडे आणि त्यावर मुठी मुठीनं जाडं मीठ, आणि आळीपाळीनं हँडल फिरवायचं. मीठ का घालायचे? मिठानं बर्फ शून्याच्या खालच्या तापमानाला वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. बाटलीला नेमकं तेच करायचंय. बादलीत अर्धा बर्फ अर्धं पाणी, दोन मुठी जाडं मीठ, बाटली गळ्यापर्यंत बुडवायची आणि मधनं मधनं हातानं फिरवायची. वीस मिनिटांत तयार. नुसता बर्फ घालू नका, खड्यांच्या मध्ये हवा राहते आणि ती गारवा पोचू देत नाही, पाणी काचेला सगळीकडनं भिडतं.

फ्रीझरमध्ये ठेवलीत तर मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावा, आणि स्पार्कलिंग तर फ्रीझरमध्ये ठेवूच नका, फुटू शकते.

ओतताना ग्लास भरायचा नाही. १०० मिलीच ओता, बाटली परत गार जागी, संपलं की परत ओता, कारण आपल्या हवेत ग्लासमधली वाइन दहा-पंधरा मिनिटांत कोमट व्हायला लागते. दांड्याचा ग्लास असेल तर दांडा धरा म्हणजे हाताची ऊब लागत नाही, नसेल तर पाण्याचा साधा काचेचा ग्लास चालतो, फक्त काचेचा हवा, स्टीलमध्ये मजा नाही.

आता जेवण

सोव्हिनियॉ ब्लांक ही हिरव्या वासाची वाइन, कापलेली ढोबळी मिरची, गवती चहा, लिंबाची साल असं काहीतरी, आणि आंबटपणा खणखणीत. म्हणून जिथे कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, कैरी आहे तिथे ती. कोथिंबीर वडी, अळूवडी, रव्यातले बोंबील किंवा सुरमई आणि वर लिंबू. आणि माझी सगळ्यात लाडकी जोडी म्हणजे चैत्रातली आंबेडाळ. वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, ओलं खोबरं, वरनं मोहरी-हिंगाची फोडणी, एक चमचा खा आणि त्यावर गार सोव्हिनियॉ, कैरीचा हिरवा आंबटपणा आणि वाइनचा एकमेकांत असे मिसळतात की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. बाकी काही नाही जमलं तरी हे एकदा करून बघा. डाळ थोडी कमी तिखट ठेवा एवढंच.

शेनिन ब्लांक मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, आपल्याकडे ती बरेचदा ऑफ-ड्राय करतात, पेरू-अननसाचा वास, जराशी गोडी. तिखटासाठी हीच. बांगड्याचं तिखलं, कोळंबीचं कालवण, तिसऱ्याचं सुकं, कोल्हापूरचा पांढरा रस्सा, नारळाच्या रसातलं काहीही. संपूर्ण ताट एकत्र आहे, पाच चवी एका वेळी आहेत आणि वाइन एकच घ्यायचीय, तर डोळे झाकून शेनिन. नारळ जास्त आणि तिखट कमी असेल तर व्हियोनिए नावाची जात मिळाली तर बघा, जर्दाळूसारखा वास आणि अंगानं भरलेली.

रोझे संध्याकाळच्या खाण्याला. बटाटेवडा, साबुदाणा वडा, गच्चीवर शेगडी लावून भाजलेलं चिकन किंवा पनीर, भेळ. भेळेत चिंचेची गोड चटणी असते म्हणून झिनफँडेल नावाच्या द्राक्षाची थोडी गोडसर रोझे जास्त जमते, वड्याला ड्राय रोझे.

स्पार्कलिंगची बाटली थोडी महाग, पण तळणाबरोबर तिच्यासारखं काही नाही, बुडबुडे आणि आंबटपणा तेलाचा थर धुऊन काढतात, प्रत्येक घास पहिल्यासारखा लागतो. लेबलवर ब्रूट लिहिलेली घ्या, म्हणजे गोड नसलेली. उघडताना मात्र नीट: बाटली पूर्ण गार हवी, वरची तार सहा अर्धे वेढे सोडवले की सुटते, त्या क्षणापासून अंगठा बुचावरनं काढायचा नाही, बाटली तिरकी धरायची, तोंड माणसांकडे नाही, आणि बूच न फिरवता खालची बाटली हळूहळू फिरवायची. फट्ट आवाज नको, नुसता उसासा निघाला पाहिजे.

रेड प्यायचीच असेल तर उन्हाळ्यात हलकी, अकलूजकडची सान्जोव्हेझे नावाच्या द्राक्षाची किंवा तसलंच काही, फ्रिजमध्ये गार करून, आणि सोबत मटण सुकं पण खोबऱ्या-कांद्याचं, लाल तिखटानं लालभडक झालेलं नाही. टॅनिन आणि तिखट दोघं मिळून तोंड सोलून काढतात.

आमरसाला साध्या वाइनचा काही उपयोग नाही, गुळाची परीक्षा आठवा. त्याला लेट हार्वेस्ट शेनिन लागते, म्हणजे द्राक्षं वेलीवरच जास्त दिवस ठेवून अगदी गोड झाल्यावर तोडलेली, मधासारखी वाइन, छोटी बाटली येते, ६० मिली पुरे होते. हापूसमध्ये साखर घालू नका म्हणजे वाइन वरचढ राहते. वेलची पण नको त्या दिवशी.

आणि काही ठिकाणी वाइन बाजूला ठेवावी हे मी अगदी मनापासून सांगते. मिसळीबरोबर ताक. सोलकढी आणि वाइन एकत्र नाही, कोकम, लसूण आणि नारळ तिघं मिळून वाइनला बसूच देत नाहीत, सोलकढी शेवटी भातावर घ्या. कैरीच्या ताज्या लोणच्याची फोड तोंडात असताना पण घोट नको, तेल आणि मेथी-मोहरीचा कडवटपणा वाइनवर चढतो.

दुपारचं ऊन असेल तर पातळ करून

दुपारच्या जेवणाला शेनिन १०० मिली, गार सोडा १०० मिली, पुदिन्याची दोन पानं चुरगाळून, लिंबाची चकती. अल्कोहोल निम्म्यावर आलं आणि ग्लास दुप्पट वेळ पुरला. वाइनमध्ये सोडा घातला तर अपमान होतो वगैरे काही नाही, युरोपातही उन्हाळ्यात सर्रास घालतात. रोझेत कलिंगडाचे चौकोनी तुकडे फ्रीझरमध्ये गोठवून टाका, बर्फाचं काम करतात आणि पाणचट होत नाही, बिया मात्र आधी काढा. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी हे ठरवूनच टाका, उन्हात शरीर आधीच सुकलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचं एक कारण तेही. गाडी चालवायची असेल त्या दिवशी नाहीच.

चाखायला नाशिक

जमलं तर एकदा या. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा जवळजवळ आहेत, व्हॅलोन इगतपुरीकडे. काहीशे रुपयांत चार-पाच वाइन छोट्या मापात चाखायला मिळतात आणि समजावून सांगतात, म्हणजे अख्ख्या बाटल्या विकत न घेता आपली आवड कळते. तोडणी बघायची तर जानेवारी-फेब्रुवारीत या, मेमध्ये वेली छाटलेल्या असतात पण गर्दी कमी, निवांत बोलायला मिळतं. येताना छोटी वही आणा, आवडलेल्या बाटलीचं नाव, साल आणि सोबत काय खाल्लं तेवढं लिहा. मी गेली कित्येक वर्षं लिहितेय, तीन वाइननंतर पहिलीचं नाव कुणालाच आठवत नाही. घेतलेल्या बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून दिवसभर फिरू नका, डिकीत तासाभरात वाइन शिजते, थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या टाकून सीटखाली ठेवा.

उरली तर

झाकण घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये उभी. व्हाइट, रोझे तीन दिवस छान राहतात, रेड पण फ्रिजमध्येच, स्पार्कलिंग मात्र त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. बाटली अर्ध्याच्या खाली आली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा जितकी कमी तितकी टिकते. त्याच्याही पुढे गेली आणि प्यायची इच्छा नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा, कोळंबी लसणीवर परतताना यातले दोन खडे टाकले आणि मोठ्या आचेवर आटवले की झकास रस सुटतो, त्यावर शेवटी लिंबू पिळायची गरज पडत नाही.